तळ जवळ आला की

खोल समुद्रात जहाजाला तळाशी काही देणेघेणे नसते. बंदराच्या वाटेवर, नदीत किंवा कालव्यात शिरले की तळ आणि काठ दोघेही त्याच्या चालीवर हुकूम गाजवू लागतात. या विषयाकडे वळणारा नौस्थापत्याचा विद्यार्थी असो की मांडवी-झुआरीतून खनिजाचे बार्ज नेणारा चालक, त्याने आधी एकच प्रश्न धरावा: जहाजाने सारलेले पाणी जाते कुठे?

ते नाळेकडून पिछाडीकडे जायला हवे. जहाजाखाली दोन-तीन मीटरच जागा उरली, तर त्या फटीतून ते जोरात धावते. त्याचा वेग वाढतो तसा दाब घटतो, भोवतालच्या पाण्याची पातळी उतरते आणि तिच्यासोबत जहाजही खाली बसते. यालाच स्क्वॉट म्हणतात. स्क्वॉट साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा केला की तो चौथाईवर येतो. साऱ्या विषयात याहून उपयोगी नियम मला ठाऊक नाही. 7 ऑगस्ट 1992 रोजी ‘क्वीन एलिझाबेथ 2’ मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ खडकांवर घासली. ते खडक नकाशात नव्हते हे खरे. पण सुमारे 24 नॉट वेगाने जाणारे जहाज किती बसेल, याचा अंदाजही कमी पडला होता.

काठाजवळून जाताना हाच दाब आडवा काम करतो: पिछाडी काठाकडे ओढली जाते, नाळ दूर सरते. दोन जहाजे जवळून गेली तर ती एकमेकांना ओढतात. 1911 साली सोलेंटमध्ये ‘ऑलिंपिक’ आणि युद्धनौका ‘हॉक’ यांची टक्कर झाली, तेव्हा या ओढीची चर्चा न्यायालयापर्यंत पोचली.

गणिताला बिचकू नये. 1834 मध्ये जॉन स्कॉट रसेल एडिंबरोजवळच्या कालव्याकाठी घोड्यावरून एका एकाकी लाटेमागे गेला, तिथून या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. उथळ पाण्यातल्या लांब लाटेचा वेग खोलीवर ठरतो: 10 मीटर खोलीत सुमारे 19 नॉट. जहाज त्या वेगाजवळ गेले की पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंजिनाची जास्तीची ताकद बहुतांशी लाटा उठवण्यात जाते.

नव्या अभ्यासकांसाठी सर्वात मोकळे रान मला गाळात दिसते. पातळ गाळाच्या थरात तळ कुठून मोजायचा? रॉटरडॅमने घनमीटरला 1.2 टन घनतेची पातळी हाच तळ मानला. पण गाळाचा घट्टपणा फक्त घनतेवर ठरत नाही, आणि प्रत्येक बंदराचा गाळ वेगळा असतो.