झांकल्या मुठींची अदलाबदल

झांकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्याकडे म्हण आहे. मूठ उघडली म्हणजे आंत काय होतें तें सर्वांस दिसतें, आणि सव्वा लाखाची भाषा तेथेंच संपते. परंतु अमेरिकेंतील बेसबॉलच्या जगांत अर्धवट उघडलेल्या मुठींचाहि एक बाजार भरतो. ज्या तरुणांकडून एके काळीं मोठ्या आशा होत्या व ज्यांनीं त्या अद्याप पुऱ्या केल्या नाहींत, अशांची संघासंघांमध्यें तेथें अदलाबदल होते. त्या बाजाराची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. एकानें चेंडू फेंकावा, दुसऱ्यानें तो टोलवावा, आणि चार टप्प्यांची प्रदक्षिणा पुरी करून धांव मिळवावी, एवढें ध्यानांत असलें म्हणजे पुरे. तेथील मोठे संघ धंदेवाईक असतात. पूर्वीं जो संघ अधिक पैसा देईल त्याच्याकडे होतकरू मुलगा जाई, आणि त्यामुळें चांगलीं मुलें श्रीमंत संघांच्याच पदरीं पडत. त्यावर तोड म्हणून १९६५ सालीं ‘ड्राफ्ट’ नांवाची पद्धति सुरू झाली. शाळा-कॉलेजांतील मुलांची निवड संघांनीं पाळीपाळीनें करावयाची, आणि आदल्या वर्षीं जो तळाशीं राहिला त्यास आधीं निवडूं द्यावयाचें, असें तिचें स्थूल स्वरूप. पहिल्या वर्षीं पहिला मान रिक मंडे या तरुणास मिळाला. त्यास कॅन्सस सिटीच्या संघानें घेतलें. २०२३ पासून पहिल्या सहा पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरूं लागल्या. बाकीची रीत मुख्यतः तीच राहिली.

पद्धति न्यायाची खरी, पण तिच्या पोटांत एक अवघड गोष्ट आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पंचविसाव्या वर्षीं कसा खेळेल हें सांगावयाचें असतें. १९६६ सालीं पहिली पाळी न्यूयॉर्क मेट्स या संघाची होती. त्यांनीं स्टीव्ह चिलकॉट यास निवडलें. पुढच्याच वर्षीं त्याचा खांदा दुखावला, आणि मोठ्या संघाकडून एकहि सामना खेळण्याचें त्याच्या नशिबीं आलें नाहीं. त्या वर्षीं दुसरा निवडला गेलेला तरुण होता रेजी जॅक्सन. त्यानें पुढें ५६३ होमरन मारले.

१९७३ सालीं पहिला आलेला डेव्हिड क्लाइड यास तर त्याच्या कीर्तीनेंच घात केला. टेक्सास रेंजर्स संघास प्रेक्षक मिळत नव्हते. शाळा सुटून कांहीं आठवडे होतात न होतात तोंच, २७ जून १९७३ रोजीं, या अठरा वर्षांच्या मुलास मोठ्या मैदानांत गोलंदाजीस उभें केलें. मैदान तुडुंब भरलें, आणि तो सामना त्यानें जिंकलाहि. मग तिकिटें खपतात म्हणून त्यास तेथेंच ठेवून घेतलें. दुय्यम संघांत सावकाश शिकण्याचीं वर्षें त्यास वेळेवर लाभलीं नाहींत. १९७८ सालीं टेक्सासनें त्यास क्लीव्हलंडकडे देऊन टाकलें. एकंदर १८ सामने त्याच्या नांवावर जिंकलेले व ३३ हरलेले राहिले. फळ पिकण्यापूर्वींच तोडलें गेलें होतें. आढी बदलून तें पिकणार कोठून?

तर अशा तरुणांची अदलाबदल कां होते? तिला कारण आहे. मोठ्या संघाच्या यादींत नांव लागलेल्या खेळाडूस दुय्यम संघांत परत पाठविण्याची मुभा साधारणपणें तीन हंगामांपुरतीच असते. त्यापुढें त्यास खालीं पाठवावयाचें तर आधीं इतर संघांस ‘हा तुम्हांस हवा काय?’ असें विचारावें लागतें. म्हणजे तीन वर्षांनंतर संघापुढें पेंच उभा राहतो: यास खेळवावें कीं फुकट गमवावें? शेजारच्या संघाचीहि दुसऱ्या कोणा तरुणापायीं हीच अडचण असते. मग दोघेहि मनांत म्हणतात, त्यांना जें साधलें नाहीं तें आपणांस साधेल.

याचें उत्तम उदाहरण डिसेंबर २०११ मधील आहे. कॉलोराडो रॉकीज संघाकडे इयन स्टुअर्ट होता. २००३ च्या निवडींत तो दहावा. २००९ सालीं त्यानें २५ होमरन मारले, पण २०११ मध्यें त्याची फलंदाजी पार आटली. शिकागो कब्ज संघाकडे टायलर कोल्विन होता. २००६ च्या निवडींत तो तेरावा. २०१० सालीं त्यानें २० होमरन मारले. परंतु त्याच हंगामाच्या अखेरीस, सोबत्याची बॅट मोडून तिचा तुकडा त्याच्या छातींत घुसला. पुढच्या वर्षीं त्याचाहि खेळ हरवला. दोन्ही संघांनीं हे दोघे बदलून घेतले. स्टुअर्टबरोबर कॉलोराडोनें केसी वेदर्स हा गोलंदाज दिला. २००७ च्या निवडींत तो आठवा होता. कोल्विनबरोबर शिकागोनें डी. जे. लमेह्यू नांवाचा तरुण दिला. तो पहिल्या फेरींतला नव्हे; २००९ च्या दुसऱ्या फेरींतला. सौद्याची चर्चा झाली ती स्टुअर्ट व कोल्विन यांचीच.

पहिल्या वर्षीं कोल्विनची कळी खुलली. त्यानें १८ होमरन मारले. स्टुअर्टचें मनगट दुखावलें, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि २०१३ मध्यें शिकागोनें त्यास मोकळें केलें. त्याच वर्षीं कोल्विनचाहि सूर पुन्हां बिघडला. वेदर्स मोठ्या संघापर्यंत पोहोंचलाच नाहीं. उरला लमेह्यू. २०१६ सालीं दर हजार संधींमागें ३४८ यशस्वी फटके, या प्रमाणानें तो नॅशनल लीगमधील अव्वल फलंदाज ठरला.

कोणी म्हणेल, कॉलोराडोचें मैदान डेन्व्हर शहरांत, समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर. तेथील विरळ हवेंत चेंडू दूर जातो, त्यांत नवल तें काय? शंका रास्त आहे. परंतु २०२० सालीं न्यूयॉर्क यँकीज संघांतून, त्या सांथीच्या वर्षीं ६० सामन्यांवर आलेल्या हंगामांत, ३६४ च्या प्रमाणानें तोच अमेरिकन लीगमध्येंहि पहिला आला. दोन्ही लीगांत हा मान निर्विवादपणें मिळविणारा आधुनिक काळांतील तो पहिला खेळाडू होय. तराजूच्या दोन पारड्यांत दोन नांवाजलेलीं रत्नें ठेवलीं होतीं, आणि खरें सोनें निघालें तें पारडें सारखें करण्यासाठीं टाकलेल्या वजनांत!

अदलाबदलीनें सदा निराशाच पदरीं येते, असेंहि नाहीं. अँड्र्यू मिलर हा २००६ च्या निवडींत सहावा आलेला गोलंदाज. डेट्रॉइटनें त्यास फ्लॉरिडाकडे दिलें, फ्लॉरिडानें २०१० मध्यें बॉस्टनकडे. सामन्याच्या आरंभापासून गोलंदाजी करणें त्यास साधत नव्हतें. बॉस्टन येथें त्यास शेवटच्या मोक्याच्या थोड्या चेंडूंचें काम दिलें, आणि त्याचा जणुं पुनर्जन्म झाला. २०१६ सालीं अमेरिकन लीगच्या अंतिम झुंजींत क्लीव्हलंडकडून खेळतांना तोच सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मनुष्य तोच, काम मात्र बदललें.

एक गोष्ट सांगितली नाहीं तर हा इतिहास अपुरा राहील. या देवघेवींत खेळाडूची संमति बहुधा कोणी विचारीत नाहीं. १९६९ सालीं सेंट लुईसनें आपला जुना खेळाडू कर्ट फ्लड यास फिलाडेल्फियाकडे दिलें, तेव्हां ‘मी विकण्याची वस्तु नव्हें’ या भूमिकेनें तो न्यायालयांत गेला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत पांच विरुद्ध तीन मतांनीं तो हरला. परंतु १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयानें वाट मोकळी झाली, आणि ठराविक वर्षें सेवा केलेल्या खेळाडूस आपला संघ आपण निवडण्याचा हक्क मिळाला. नवख्या तरुणास मात्र दुसऱ्यानें हलविलें तरच हलतां येतें. म्हणून ज्याचें बस्तान एके ठिकाणीं बसत नाहीं, त्यास ही अदलाबदल अपमान वाटो न वाटो, बहुधा तीच त्याची सुटका असते.

माझा सारा जन्म शाळेंत गेला. पहिल्या नंबराचीं मुलें पुढें मागें पडलेलीं मीं पाहिलीं आहेत, आणि ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर मीं स्वतःच्या हातानें ‘सामान्य’ असें लिहिलें, त्यांनीं मला पुढें खोटें पाडलें आहे. संघांचे जाणते परीक्षक लाखों रुपयांची जोखीम पत्करून, वर्षानुवर्षें डोळ्यांत तेल घालून मुलें पारखतात, तरी चुकतात. पण आपली पारख चुकली असेल, हें मनांत धरून ते दुसऱ्याच्या टाकलेल्या मुलासहि पुन्हां एक जागा देतात. आपण घरांतल्या मुलाचा निकाल मात्र एका परीक्षेच्या आंकड्यावर कायमचा लावून मोकळे होतों. निकाल जरूर लावावा. पण तो शाईनें न लिहितां पेन्सिलीनें लिहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.