चाकातला ‘च’ आणि जर्मन ‘त्साइट’

मोहोळसारख्या गावातून शिकायला बाहेर पडलेल्या आमच्या पिढीला जर्मन तत्त्वज्ञ भेटले ते इंग्रजीतून. त्यामुळे वर्गात आम्ही वर्षानुवर्षं ‘कॅन्ट’ म्हणत राहिलो. जर्मन माणूस म्हणतो ‘कान्ट’. आता उच्चार चुकला म्हणून विचार कळत नाही, असं मुळीच नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४ या काळात, जर्मनचाही अभ्यास केला. तो ग्रंथ वाचण्यासाठी, बोलण्यासाठी नव्हे. १९१५ च्या ‘गीतारहस्या’त कान्ट आहेच.

पण आम्हाला खंत वेगळी आहे. हायडेगरच्या १९२७ च्या ग्रंथाचं नाव घ्या: ‘जाइन उंट त्साइट’, अस्तित्व आणि काळ. ‘जाइन’मधला ‘ज’ आपल्या ‘जागा’तल्या ‘ज’च्या जवळचा. ‘आणि’साठीचा जर्मन शब्द लिहिताना शेवटी ‘ड’, बोलताना ‘ट’. म्हणजे ऐकायला आपला उंटच! आणि शब्दारंभीचा ‘त्स’ इंग्रजाला जड जातो, तो ‘झाइट’ म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे तोच ध्वनी चाकात आहे, चमच्यात आहे.

म्हणजे जे घरातच होतं, ते आम्ही इंग्रजाच्या दारी मागायला गेलो; आणि त्याच्याकडे ते नव्हतंच.