दाम मोजून खलाशी

दिवाळीची सुट्टी म्हटली की घराघरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, चार दिवस घरीच लोळावे आणि फराळाच्या डब्यांवर नजर ठेवावी. दुसरा म्हणतो, कुठेतरी लांब जावे. पण एका बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत असते: सुट्टी म्हणजे कामापासून सुटका. आता मी ज्या सुट्टीची हकिकत सांगणार आहे, तिने या व्याख्येलाच सुरुंग लावला आहे. या सुट्टीत माणूस पदरचे पैसे मोजतो आणि त्या बदल्यात मध्यरात्री उठतो, ओले दोर ओढतो, डोलकाठीवर चढतो, बटाटे सोलतो आणि जहाजाची फळी घासतो. शिडाच्या जुन्या धाटणीच्या उंच जहाजावर खलाशी होण्याची ही सुट्टी आहे.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, काम हे करणार आणि पैसेही हेच देणार? मग शहाणा कोण?" प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे इतिहासात शिरावे लागते.

एकोणिसाव्या शतकात शिडाच्या जहाजावर जाणे ही काही कोणाची हौस नव्हती. बंदरांतल्या खाणावळींचे मालक खलाशांना उधारीत बुडवीत, दारू पाजीत आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला एखाद्या जहाजावर पोचते करून आपली दलाली वसूल करीत. पुढे वाफेची जहाजे आली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि शिडांचे दिवस भरत आले. कालव्यातून शिडावर जाणे अवघड, आणि आफ्रिकेला वळसा घालावा तर आगबोट त्याआधी माल उतरवून मोकळी! हळूहळू उत्तम धंदा आगबोटींकडे गेला आणि शिडांच्या वाट्याला उरले ते कोळसा, लाकूड, सोरा आणि धान्य. म्हणजे ज्याला पोचायची घाई नाही असा माल.

या उरल्यासुरल्या धंद्यावर एका माणसाने साम्राज्य उभे केले. गुस्टाफ एरिक्सन त्याचे नाव. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर १८७२ साली जन्मलेला हा गृहस्थ पोरवयातच दर्यावर गेला, कप्तान झाला आणि १९१३ पासून स्वतः जहाजे विकत घेऊ लागला. इतर मालक शिडाची जहाजे भंगारात काढीत होते आणि हा ती भंगाराच्या भावात उचलीत होता! मारीहाम्न या त्याच्या लहानशा गावाची जहाजे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या स्पेन्सर आखाताकडे जात, पोत्यांनी गहू भरीत आणि केप हॉर्नला वळसा घालून युरोपात परतत. शंभर दिवसांत पोचले तर उत्तम. १९३३ साली 'पार्मा' या जहाजाने ही मजल ८३ दिवसांत मारली. एरिक्सनची नव्हेत अशी 'पार्मा'सारखी जहाजेही या वाटेवर होती, आणि आधी कोण पोचतो याच्या पैजा लागत. त्यावरून लोक त्याला धान्याची शर्यत म्हणू लागले.

हा व्यवहार परवडत कसा असे? वाऱ्याला पैसे पडत नाहीत, हे एक कारण. एरिक्सन जहाजांचा विमा उतरवीत नसे, हे दुसरे. तिसरे कारण आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. उत्तर युरोपातल्या काही देशांत जहाजाचा अधिकारी होण्यासाठी शिडावरचा अनुभव सक्तीचा होता. त्यामुळे तरुण मुले उमेदवार म्हणून येत, आणि त्यांचे वडील मुलाला कामावर ठेवून घेण्याबद्दल मालकालाच पैसे देत! मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न असा मूळचा एरिक्सनच्या हिशेबाच्या वहीतला आहे.

या उमेदवारांत हळूहळू एक निराळी जात मिसळू लागली: ज्यांना अधिकारी व्हायचे नव्हते, फक्त हे एकदा अनुभवायचे होते अशांची. लंडनच्या एका जाहिरात कचेरीत काम करणारा अठरा वर्षांचा एरिक न्यूबी १९३८ साली बेलफास्ट बंदरात 'मोशुलू' या चार डोलकाठ्यांच्या जहाजावर दाखल झाला. पाय ठेवतो न ठेवतो तोच त्याला डोलकाठीवर चढायचा हुकूम झाला. पायांत होते गुळगुळीत तळव्यांचे शहरी बूट! तो चढला, उतरला आणि पुढच्या वर्षी ९१ दिवसांत परत आला. त्या साली सर्वांत जलद आलेले जहाज त्याचेच होते. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले आणि तो सगळा संसार उधळला गेला. न्यूबीने पुढे १९५६ साली 'द लास्ट ग्रेन रेस' हे पुस्तक लिहिले. त्याने त्या वेळी जे सोसले, ते त्याच्या वाचकांना हेवा वाटण्याजोगे वाटले. कष्टाची सुट्टी होण्याची सुरुवात अशीच होते.

इकडे अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर निराळाच प्रयोग चालला होता. तिथली दोन डोलकाठ्यांची लहान जहाजे लाकूड, चुना आणि दगड वाहत. मालमोटारी आल्या आणि ती खाड्यांच्या चिखलात कुजत पडली. १९३६ साली फ्रँक स्विफ्ट नावाच्या माणसाने कॅम्डेन बंदरात असे एक जहाज भाड्याने घेतले आणि मालाच्या जागी माणसे न्यायचे ठरविले. पहिल्या फेरीला उतारू किती आले असतील? बॉस्टनहून आलेल्या तीन स्त्रिया! पण माणूस चिकट होता. हळूहळू शहरांतले शिक्षक, कारकून, डॉक्टर आठवडाभरासाठी येऊ लागले. शीड चढवायच्या वेळी सगळ्यांनी दोराला हात लावायचा, एवढाच दंडक. त्या किनाऱ्यावरची 'लुइस आर. फ्रेंच' आणि 'स्टीफन टेबर' ही दोन्ही जहाजे १८७१ सालची. त्यांनी एके काळी माल वाहिला आणि पुढे अशा उतारूंच्या जिवावरच त्यांचे वय दीडशेच्या पुढे गेले. त्यांच्या पोटात यंत्र नाही. वारा पडला तर मागे बांधलेली लहान यंत्रहोडी त्यांना ढकलीत नेते.

महायुद्धानंतर एरिक्सन १९४७ साली वारला. १९४९ साली 'पामीर' आणि 'पासाट' या त्याच्या दोन जहाजांनी धान्याची अखेरची फेरी केली. 'पामीर' केप हॉर्नला वळसा घालून गेले आणि शिडावर व्यापारी माल घेऊन त्या टोकापाशी जाणारे ते शेवटचे जहाज ठरले. धंदा म्हणून शीड संपले ते तिथे.

मग लंडनच्या बर्नार्ड मॉर्गन या निवृत्त सॉलिसिटरांच्या मनात आले की, जगात उरलेल्या शिडाच्या शिक्षण-जहाजांची एक शर्यत भरवावी. १९५६ साली इंग्लंडच्या टॉरबेपासून लिस्बनपर्यंत वीस जहाजे धावली. हा निरोपाचा समारंभ असेच पुष्कळांना वाटत होते. पण निरोप घ्यायला आलेला पाहुणा पुन्हा बैठक मारून बसावा तसे झाले. शर्यती चालूच राहिल्या, आणि पुढे कित्येक देशांनी तरुणांसाठी नवी शिडाची जहाजे बांधली.

पण वाचकहो, या कथेला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. त्या शर्यतीच्या पुढच्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९५७ रोजी, तेच 'पामीर' अटलांटिक महासागरात चक्रीवादळात सापडून बुडाले. त्या वेळी ते जर्मनीचे शिक्षण-जहाज होते आणि अर्जेंटिनाहून बार्ली घेऊन येत होते. धान्य पोत्यांत नव्हते, बहुतांशी सुटे भरले होते; जहाज कलले तसे तेही एका बाजूला सरकले, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. जहाजावरच्या ८६ जणांपैकी वाचले अवघे सहा. बुडालेल्यांत बहुतेक शिकाऊ पोरे होती. ज्या समुद्रावर आपण सुट्टीला जातो, त्याला आपली सुट्टी ठाऊक नसते. म्हणून आज अशा जहाजावर चढणाऱ्या हौशी माणसालाही पहिला धडा मिळतो तो कमरेचा पट्टा बांधण्याचा. खलाशांचे जुने वचन आहे: एक हात जहाजासाठी, एक हात स्वतःसाठी.

तिथला दिनक्रमही सांगतो. उतारूंच्या तीन टोळ्या पाडतात. चार तास पाळी, आठ तास विश्रांती. पाळीवर कोणी सुकाणू धरतो, कोणी नाळेवर उभा राहून पुढे पाहतो, बाकीचे दोरांपाशी. मोठ्या जहाजाला असे दीडदोनशे दोर असतात. प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र खुंटी. कारण अंधारात, पावसात, हुकूम येताच हात बरोबर त्याच खुंटीवर पडला पाहिजे. एकट्याने ओढून काहीच हलत नाही. दहाजणांनी एका ठेक्यात जोर लावला की शीड चढते. शेजारी बँकेचा अधिकारी आहे की शिंपी, हे तिथे विचारीत नाहीत. त्याचा जोर आपल्या जोराशी जुळतो की नाही, एवढेच पाहतात.

या विचाराचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे इंग्लंडचे 'लॉर्ड नेल्सन' हे तीन डोलकाठ्यांचे जहाज. १९८६ साली ते समुद्रावर निघाले. अपंग आणि धडधाकट माणसांनी बरोबरीने चालवावे म्हणूनच ते बांधले होते. चाकांच्या खुर्चीसाठी रुंद वाटा आणि पाळणे, दृष्टिहीन माणसाला सुकाणू धरता यावे म्हणून आवाजावरून दिशा सांगणारे होकायंत्र, आणि खुर्चीसकट माणसाला डोलकाठीवर चढविण्याची सोय. जन्मभर ज्यांना 'तुम्ही बसा, आम्ही करतो' असेच ऐकावे लागले, त्यांच्या हातात कोणीतरी दोर दिला! पण हौसेलाही खर्च असतो. २०१९ साली ते जहाज निवृत्त झाले, आणि ते चालविणाऱ्या संस्थेलाही २०२३ च्या अखेरीस दार लावावे लागले.

या जहाजाचे आराखडे काढणारे कॉलिन म्यूडी यांनीच आपल्या नौदलासाठी एका जहाजाचे आराखडे काढले. ते गोव्यात बांधले गेले आणि १९९७ साली 'तरंगिणी' या नावाने दाखल झाले. २००३-०४ मध्ये 'तरंगिणी'ने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अर्थात ती नौदलाची. तिचे दोर ओढतात ते उद्याचे अधिकारी. यंत्रांच्या युगातही त्यांना शीड शिकवावेसे वाटते, कारण वारा आणि लाट अंगाने ओळखायला दुसरी शाळा नाही.

शीड म्हणजे आम्हा कोकणच्या माणसांना परकी गोष्ट नव्हे. फत्तेमाऱ्या, मचवे, पडाव यांच्यावर आमच्या खाड्या जगल्या. आमच्या आळीत एक वृद्ध तांडेल होते. आम्ही त्यांना आजोबा म्हणत असू. रात्रीचा मतलई वारा धरून बाहेर पडायचे आणि दिवसाच्या खाऱ्या वाऱ्यावर मजल मारायची, हे ते मला अंगणातल्या धुळीत रेघा काढून सांगत. "वारा दिसत नाही असं कोण म्हणतं रे? पाण्याकडं बघ की," असे ते म्हणत. त्यांचा मुलगा यंत्राच्या होडीवर गेला, नातू मुंबईला नोकरीला लागला. यात कोणाचा दोष नाही. यंत्राने कोळ्याचे आणि खलाशाचे मरण पुष्कळ टाळले आहे. पण आजोबा गेले तेव्हा शीड शिवण्यापासून वारा वाचण्यापर्यंतचे सगळे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. मी दोन वह्या भरून शब्द लिहून घेतले होते. शब्द माझ्याजवळ आहेत. पण त्यांतल्या एकाही शब्दाने मला गाठ मारता येत नाही.

म्हणून मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी पुढे असे उत्तर दिले: काही विद्या कागदावर राहतात, काही फक्त हातांत राहतात. हातांतल्या विद्येला पोटापाण्याचा आधार असतो तोवर चिंता नसते. तो तुटला की तिला जगवायला कोणीतरी हौसेने हात पुढे करावा लागतो आणि प्रसंगी पदरमोडही करावी लागते. मेनच्या किनाऱ्यावर सुट्टीत दोर ओढणारा कारकून स्वतःची करमणूक करतो हे खरे. पण त्याच्या नकळत तो दीडशे वर्षांचे एक जहाज आणि त्याहून जुनी एक विद्या आणखी एक वर्ष पाण्यावर ठेवतो.

मुलाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग गुरुजी, आपल्याकडे फत्तेमारी कोण ठेवणार?"

तो प्रश्न मी तुमच्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो. घरात एखादे आजोबा असतील, ज्यांचे हात अजून गाठी मारू शकतात, तर या सुट्टीत नातवंडांना त्यांच्याजवळ बसवा, आणि मुलांच्या हातात वहीऐवजी दोर द्या.