चार तासांची भाकरी

आमच्या क्षेत्रात ही साथ दर सहा महिन्यांनी येते. रिलीज संपतं, सगळे दमलेले असतात, आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी जाहीर करतो, "बास झालं राव, आता दोन एकर घ्यायची आणि सेंद्रिय शेती करायची." बाकीचे माना डोलावतात. मग कुणीतरी मुळशीचे भाव सांगतो आणि विषय गृहकर्जावर जातो. मीही माना डोलावणाऱ्यांतलाच. म्हणून या शनिवारी म्हटलं, ज्यांनी हे खरंच करून दाखवलं, आणि तेही कडक बर्फाच्या मुलखात, त्यांचा हिशोब एकदा नीट बघू या.

स्कॉट निअरिंग (जन्म १८८३) अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचा. बालमजुरीविरुद्ध बोलला, १९१५ मध्ये नोकरी गेली. दुसरीकडे लागला, तिथे महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१७ मध्ये तीही गेली. युद्धविरोधी पुस्तिकेबद्दल १९१९ मध्ये खटला झाला. त्यातून निर्दोष सुटला खरा, पण विद्यापीठांची दारं बंद झाली ती झालीच. पुढे त्याला हेलन नोथ भेटली. थिऑसॉफिस्ट घरातली, व्हायोलिन वाजवणारी, तरुणपणी जे. कृष्णमूर्तींच्या अगदी जवळच्या वर्तुळातली, आणि स्कॉटपेक्षा एकवीस वर्षांनी लहान. महामंदी ऐन भरात असताना, १९३२ साली, या जोडीने व्हरमाँटच्या डोंगरात एक पडीक शेत घेतलं. ३०० डॉलर रोख, ८०० कर्ज.

व्हरमाँटमध्ये शेती म्हणजे काय हे आपल्याला चटकन कळत नाही. आपल्याकडे चिंता पावसाची. तिथे पाऊस पुरतो, दिवस पुरत नाहीत. दोन हिमकडाक्यांच्या मधे जेमतेम तीन-साडेतीन महिने मिळतात. तेवढ्यात पेरायचं, वाढवायचं, काढायचं आणि उरलेल्या वर्षाचं पोटापुरतं साठवायचं. साठवणीसाठी जमिनीत तळघर. तिथे तापमान गोठणबिंदूच्या जरा वर राहतं, हवा दमट असते. बटाटे, गाजरं, कोबी, सफरचंदं वाळलेल्या पानांत थर लावून ठेवली की वसंतापर्यंत टिकतात. फ्रिज नाही, वीजबिल नाही.

दोघं शाकाहारी. जनावरं पाळायची नाहीत हा नियम, म्हणजे शेणखतही नाही. सगळी मदार कंपोस्टवर. घरं स्वतः बांधली, दगडाची. लाकडी साचा उभा करायचा, आत दगड रचून काँक्रीट ओतायचं, ते धरलं की साचा वर सरकवायचा. या पद्धतीने हे दोघं आयुष्यभर भिंती उभारत राहिले. शेवटचं दगडी घर झालं तेव्हा स्कॉटने नव्वदी ओलांडली होती!

रोख पैसा यायचा मेपलच्या झाडांतून. हे प्रकरण मला फार आवडलं, कारण हे आपलं गुऱ्हाळच, फक्त बर्फातलं. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं. या चढउताराने झाडात दाब तयार होतो आणि खोडाला भोक पाडलं की रस ठिबकतो. त्यात साखर असते जेमतेम दोन टक्के, म्हणून एक लिटर पाकासाठी साधारण चाळीस लिटर रस आटवावा लागतो. काकवीसारखा तो घट्ट पाक विकून वर्षाचे पैसे जमायचे. आणि ठरवलेल्या बजेटएवढे जमले की हे कमाई थांबवायचे! (आमच्या टीममध्ये ही कल्पना मांडली, तर एकजण म्हणाला, "अप्रेझलमध्ये काय लिहायचं मग?")

त्यांचं सगळ्यात गाजलेलं सूत्र म्हणजे चार-चार-चार. चार तास पोटासाठी अंगमेहनत, चार तास वाचन-लेखन-संगीत, चार तास समाजासाठी. त्या अंगमेहनतीला ते 'ब्रेड लेबर' म्हणत. हाच शब्द १९३० मध्ये गांधीजींनी येरवडा तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत वापरलाय. दोघांनाही टॉलस्टॉयचं वेड, तेव्हा नवल नाही.

१९५२ मध्ये हे दोघं मेन राज्यात, समुद्रकाठी केप रोझियरला गेले. १९५४ साली त्यांचं 'लिव्हिंग द गुड लाइफ' आलं, तेव्हा फार कुणी दखल घेतली नाही. १९७० मध्ये ते पुन्हा निघालं आणि व्हिएतनाम युद्धाला विटलेल्या पोरांनी त्याची पोथी केली. दरवर्षी हजारोंनी पाहुणे यायला लागले. आलेल्याच्या हातात फावडं दिलं जायचं.

आता हिशोब. पुस्तकात शेतीचे आकडे काटेकोर आहेत, पण काही रकाने नाहीत. निअरिंगांच्या शेजारी जमीन घेऊन राहिलेल्या जीन हे ब्राइट यांनी २००३ साली पुस्तक लिहून ते भरले. दोघांना वारशाने आलेला पैसा होता, व्याख्यानं होती, पाहुण्यांचे फुकटचे हात होते. हिवाळ्यात दोघं बरेचदा दौऱ्यावर असत. शेतात लहान मूल नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बेंचमार्क खरा, पण हार्डवेअर लपवलेलं. मला यात निअरिंग खोटारडे वाटत नाहीत, भिंती त्यांनीच बांधल्या. पण चार तासांचं सूत्र वाचून ज्यांनी नोकऱ्या सोडल्या, त्यांना हे रकाने दिसायला हवे होते.

असेच एक होते एलियट आणि सू कोलमन. १९६८ मध्ये निअरिंगांनी त्यांना साठ एकर विकली, एकरी ३३ डॉलरने. जवळजवळ दानच. वीज नाही, नळ नाही, झऱ्याचं पाणी बादल्यांनी आणायचं. घरात आधी एक मुलगी, मग दुसरी. १९७१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये त्यांच्यावर लेख आला आणि इथेही पाहुण्यांची रीघ लागली. मोठी मुलगी मेलिसाने २०११ मध्ये या दिवसांवर पुस्तक लिहिलं. ते वाचताना चार तास कुठेच सापडत नाहीत. उन्हाळ्यात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, कारण तीन महिने चुकले तर वर्ष चुकलं. बाप शेतात, आई स्वयंपाक, साठवण आणि पाहुण्यांत. १९७६ च्या उन्हाळ्यात तीन वर्षांची धाकटी शेतातल्या तळ्यात बुडाली.

त्यानंतर ते घर मोडलं. सू गेली, काही काळाने एलियटही गेला.

तो परत आला १९९० च्या सुमारास, आणि मग त्याने जे केलं ते मला इंजिनिअर म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. सगळे म्हणत, मेनमध्ये हिवाळी शेती होत नाही कारण थंडी. त्याने नकाशा पाहिला. मेनमधलं त्याचं शेत ४४ अक्षांशावर, आणि दक्षिण फ्रान्सही तिथेच, जिथे हिवाळ्यात भाजी निघते. म्हणजे ऊन तेवढंच. १९९६ च्या जानेवारीत तो बायकोबरोबर तिथे जाऊन शेतं बघून आला.

त्याचं म्हणणं साधं आहे. दिवस दहा तासांहून लहान झाला की रोपांची वाढ जवळपास थांबते. तिथे हे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतं. (पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा, म्हणून आपल्याला हे कधी सुचतही नाही.) मग त्या तीन महिन्यांत वाढवायचंच नाही. पालक, गाजर, लेट्यूस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरायचं, नोव्हेंबरपर्यंत बऱ्यापैकी वाढवायचं आणि पुढे नुसतं जिवंत ठेवून लागेल तसं काढायचं. त्यासाठी प्लास्टिकचा बोगदा आणि आत पिकावर एक हलकं कापड. हीटर नाही. त्याच्या हिशोबाने प्रत्येक थर शेताला सुमारे ८०० किलोमीटर दक्षिणेला नेतो. बोगदे रुळांवर सरकणारे, म्हणजे उन्हाळी पिकावरून ढकलून हिवाळी पिकावर न्यायचे. मूळ कल्पना जुनीच. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे माळी शहरातल्या घोड्यांची लीद खाली घालून, वर काचेच्या घंटा ठेवून भर थंडीत भाजी काढायचे. मोटारी आल्या, लीद संपली, तो धंदाही बसला.

स्कॉट निअरिंग तोवर गेला होता. शंभरी भरायच्या आधी महिना-दीड महिना त्याने अन्न सोडलं आणि ऑगस्ट १९८३ मध्ये, शंभर पूर्ण झाल्यावर, घरीच प्राण सोडला. हेलन १९९५ मध्ये मोटार अपघातात गेली.

कोलमनच्या बोगद्यातली गाजरं थंडीत जमिनीतच राहतात. गोठू नये म्हणून गाजर पिठाची साखर करतं, त्यामुळे जानेवारीतलं गाजर ऑगस्टमधल्यापेक्षा गोड लागतं. तिथली पोरं त्याला 'कँडी कॅरट' म्हणतात आणि शाळेच्या डब्यात त्याच्यावर सौदे करतात.