झील धरणारे

आबा कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात होते. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागत, इतका साच्यांचा आवाज. त्यात त्यांचा एक कान गेलाच. पण गाण्यात झील कधी धरायची, हे त्यांना शेवटपर्यंत अचूक कळायचं.

मुंबईत हिंदमाताच्या मागच्या बाजूला आमची चाळ. परळ, भोईवाडा, नायगाव सगळं पायाखालचं. एकेका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची. कोकणातल्यांचं भजन, घाटावरच्यांचा तमाशा. एकमेकांची गाणी एकमेकांना धड येत नसत. आबा सांगायचे, शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख आले तेव्हा कोकणातल्यांना आणि घाटावरच्यांना एकच झील मिळाली.

1944 मध्ये या दोन शाहिरांनी शाहीर गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेखांचा आवाज पहाडी, मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. आबांच्या आठवणीत मात्र जास्त जागा होती ती पाठीमागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांना. शाहिराने ओळ टाकली की ते ती उचलत, आणि त्यांच्याबरोबर खाली बसलेला जमाव. ‘भाषण ऐकून माणूस घरी जातो, झील धरली की त्याला जाता येत नाही,’ असं आबा म्हणत. संपात हाताला काम नसताना, खानावळीची उधारी वाढत असताना, शेजारच्या माणसाचा आवाज आपल्या आवाजात मिसळलेला आहे, ही खात्री फार मोठी असते. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात एकट्याने आत शिरणं मग जड जातं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली बायको, एवढ्यापासून ती सुरू होते आणि बेळगाव-कारवारच्या ताटातुटीपर्यंत पोचते. चाळीतल्या जवळजवळ प्रत्येकाची बायको गावीच होती. नकाशावरची रेघ त्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नाही. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, बेळगाव बाहेरच राहिलं.

पण आबा एक गोष्ट कधी लपवत नसत. साचेखात्यात दलित कामगाराला घेत नसत. कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढून काढावं लागे, आणि त्याच्या ओठांना लागलेलं सूत सवर्णांना चालत नसे. पगार चांगला तो विणकामातच, म्हणजे या विटाळाने भाकरीही कमी केली. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. 7 नोव्हेंबर 1938 च्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तरी सूत ओढणाऱ्या ओठांची शिवाशिव लगेच गेली नाही. मैदानात एका झिलीत गाणारे पाळीवर गेले की वेगळ्या माठाचं पाणी प्यायचे. या गाण्यांचा गौरव करताना हे वगळणं मला मान्य नाही. अण्णाभाऊ स्वतः मातंग समाजातले; बाबासाहेबांवरचं त्यांचं गीत याच जखमेतून आलं असावं, असं मला वाटतं.

खात्याबाहेर ठेवलेल्यांनी आपली गाणी आपणच घडवली होती. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, पुढे वामनदादा कर्डकांची गीतं. लाल बावट्याची गाणी मात्र गिरण्यांशीच बांधलेली होती. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, गावाकडची माणसं गावाकडे परतली आणि लाल बावट्याच्या गाण्यांना झील धरणारी तोंडं पांगली. आबांच्या चाळीतली पोरं ती गाणी आता पुस्तकात वाचतात.

जलशांचं तसं झालं नाही, कारण त्यांचं गाऱ्हाणं गिरणीबरोबर संपणारं नव्हतं. 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, दादरला या. शिवाजी पार्कच्या कडेने दूरच्या जिल्ह्यांतून आलेली मंडळी भुईवर बसून गातात, पुस्तिकांच्या दुकानांत गीतांचे गठ्ठे असतात, आणि ओळ पडली की रांगेत उभी असलेली, एकमेकांचं नावही माहीत नसलेली माणसं ती उचलतात.