विज्ञानकथेची संमेलने आणि होतकरू लेखक

संमेलनांनी साहित्य निर्माण होत नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजही कोणास वाटेनाशी झाली आहे. लेखन ही एकान्तात करावयाची साधना. मेळाव्यात हारतुरे, भाषणे आणि चहापान यांपलीकडे पदरात काय पडणार, असा या आक्षेपाचा रोख असतो. तो पारखून घेण्यास विज्ञानकथेसारख्या वयाने लहान अशा वाङ्मयप्रकाराचा इतिहास उपयोगी पडतो. इंग्लंड-अमेरिकेत या कथेच्या वाचकांची संमेलने कशी सुरू झाली, त्यांस कोण होतकरू तरुण गेले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे आपणास पाहता येते.

या संमेलनांचे मूळ टपालात आहे. ह्यूगो गर्न्सबॅक याने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक न्यूयॉर्कहून काढले. वाचकांची पत्रे छापताना त्यांचे पूर्ण पत्तेही त्यात दिले जात. अशा कथांचा वाचक आपल्या गावी बहुधा एकटाच असे, आणि त्याचा हा नाद घरच्यांस पोरकट वाटे. पत्ते हाती येताच हे विखुरलेले वाचक एकमेकांस लिहू लागले. १९३४ साली गर्न्सबॅकनेच ‘सायन्स फिक्शन लीग’ ही संघटना स्थापली; तिची एक शाखा इंग्लंडातील लीड्स या कापडगिरण्यांच्या शहरी निघाली. पत्रांनी जुळलेल्या माणसांस एकमेकांची तोंडे पाहावीशी वाटली, यात नवल ते काय!

लीड्सच्या शाखेने ३ जानेवारी १९३७ रोजी, रविवारी, तेथील थिऑसॉफिकल सभागृहात संमेलन भरविले. उपस्थिती जेमतेम विसाच्या आतबाहेर. तीत लंडनहून आलेला एकोणीस वर्षांचा एक सरकारी नोकर होता. शिक्षण खात्यात निवृत्तिवेतनाचे हिशेब तपासणे हे त्याचे काम. त्याचे नाव आर्थर क्लार्क. या बैठकीतून ‘सायन्स फिक्शन असोसिएशन’ जन्मास आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संस्थेच्या एका लहानशा हौशी नियतकालिकात क्लार्कची कथा छापली गेली. मानधनाचा अर्थातच प्रश्न नव्हता. १९३८ पासून क्लार्क आणि शेअरबाजारात कारकुनी करणारा विल्यम टेंपल हे ग्रेज इन रोडवर एकत्र बिऱ्हाड करून राहिले, आणि ते बिऱ्हाड लंडनच्या या मंडळींचा अड्डा बनले. लीड्सला आलेल्यांपैकी जॉन कार्नेल हा पुढे १९४६ साली निघालेल्या ‘न्यू वर्ल्ड्स’ या मासिकाचा संपादक झाला. तथापि क्लार्कच्या कथा ‘अस्टाउंडिंग’ या नामांकित अमेरिकन मासिकात झळकण्यास १९४६ साल उजाडावे लागले. लीड्सच्या त्या रविवारनंतर तब्बल नऊ वर्षे!

अमेरिकेतील पहिले जागतिक संमेलन २ ते ४ जुलै १९३९ या दिवसांत न्यूयॉर्कच्या कॅराव्हॅन हॉलमध्ये भरले. सुमारे दोनशे माणसे जमली. लॉस एंजेलिसच्या नाक्यावर वर्तमानपत्रे विकणारा अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन या मित्राकडून उसने पैसे घेऊन बसने अवघे खंड ओलांडून तेथे पोहोचला. हानेस बोक या आपल्या चित्रकार मित्राची चित्रे त्याने बरोबर नेली होती. ‘विअर्ड टेल्स’च्या संपादकास ती दाखविताच त्यास ती पसंत पडली, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकावर बोकचे चित्र आले. मित्राचे काम असे तत्काळ झाले. स्वतः ब्रॅडबरीस मात्र केवळ ओळखी मिळाल्या. त्यांपैकी ज्यूलियस श्वार्ट्झ हा लेखकांच्या कथा मासिकांस विकून देणारा मध्यस्थ होता. त्याने ब्रॅडबरीची हेन्री हॅसीबरोबर लिहिलेली कथा १९४१ साली ‘सुपर सायन्स स्टोरीज’ला विकली. मोबदला २७.५० डॉलर, आणि तोही विभागून घ्यावयाचा.

या चित्राची दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. न्यूयॉर्कच्या त्या संमेलनात संयोजकांनी विरोधी गटातील सहा तरुणांस दारातूनच परत पाठविले. फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वोल्हाइम आणि सिरिल कॉर्नब्लूथ हे त्यांत होते. मेळावा म्हटला की कंपूही आलाच. पण दारे बंद झाली म्हणून या तरुणांची लेखणी थांबली नाही. ‘सुपर सायन्स स्टोरीज’ १९४० साली सुरू झाले तेव्हा त्याचा पहिला संपादक हाच फ्रेडरिक पोल होता.

लेखनाचे प्रत्यक्ष शिक्षण या मेळाव्यांत फारसे मिळत नसे. ती उणीव जाणत्या लेखकांनीच ओळखली. डेमन नाइट, जेम्स ब्लिश आणि ज्यूडिथ मेरिल यांनी १९५६ साली पेनसिल्व्हेनियातील मिलफर्ड येथे लेखकांची बैठक आरंभिली. तीत हस्तलिखिते वाचून परस्परांसमक्ष चर्चा होई. त्याच धर्तीवर रॉबिन विल्सन यांनी १९६८ साली क्लॅरियनच्या महाविद्यालयात नवोदितांसाठी कार्यशाळा काढली. १९७० साली तेथे ऑक्टेव्हिया बटलर ही पॅसाडीनाची तेवीस वर्षांची कृष्णवर्णी तरुणी आली. तिच्या दोन कथा लगोलग घेतल्या गेल्या, आणि त्यानंतर पाच वर्षे तिचे काहीही विकले गेले नाही. तिची पहिली कादंबरी १९७६ साली निघाली.

ब्रॅडबरीची दोन वर्षे, बटलरची पाच, क्लार्कची नऊ. हे आकडे पाहता मेळाव्याने यश दिले असे म्हणवत नाही. यश आले ते रोजच्या बैठकीतून. मेळाव्याने दिले ते निराळे. आपण लिहितो ते वाचणारी माणसे खरोखर आहेत याची खात्री दिली. संपादक हा दूरचा न्यायाधीश नसून नावाने हाक मारता येईल असा माणूस आहे, हे दाखविले. आणि साभार परत आलेले हस्तलिखित ज्यांच्यापुढे निःसंकोच ठेवावे असे स्नेही दिले. थोडक्यात, वाट पाहण्याचे बळ दिले.

मराठीतील एक उदाहरण याच विचाराची दुसरी कड दाखविते. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ते टोपणनाव धारण करणारे गृहस्थ होते ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर भार पडू नये, ही त्यांची दक्षता. संमेलनाने ओळख होते, परंतु कथेने बिनओळखीच्या वाचकापुढेही उभे राहिले पाहिजे, हा त्यातील बोध. हेच नारळीकर २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

महाराष्ट्राबाहेर बदलीच्या गावी फायलींच्या गराड्यात बसून लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या हिशेबतपासनिसाचे अवश्य स्मरण ठेवावे. त्याला मोठी सभा लाभली नव्हती. एक रविवार आणि वीस माणसे लाभली होती. तेवढी माणसे जमविणे कोणत्याही परगावच्या महाराष्ट्र मंडळास अशक्य नाही. लिहावयाचे ते एकट्यानेच, हे खरे. परंतु नऊ वर्षे एकट्याने वाट पाहणे फार थोड्यांस जमते.