पंगतीचा पोशाख

मोठ्या क्रूझ बोटींवर एखाद-दुसरी रात्र ‘फॉर्मल नाइट’ असते. त्या रात्री मुख्य भोजनकक्षात पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा निदान गडद रंगाचा सूट घालून यावे, अशी अपेक्षा असते. बर्म्युडा आणि चपला घालून आलेल्याला नम्रपणे बुफेकडे पाठवतात. खामगाव-मलकापूरकडची मंडळीही हल्ली असल्या सफरींना निघतात. बॅग भरताना हा नियम वाचला की घरात कोणीतरी म्हणतेच, जेवायलाच तर बसायचे, त्यासाठी कपडे कशाला बदलायचे? आपल्या पणजोबांपैकी काहींना मात्र हा नियम अजिबात नवा वाटला नसता. त्यांच्या घरी कपडे बदलल्याशिवाय पाटावर बसताच येत नसे.

मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा इथल्या जुन्या वाड्यांत, ब्राह्मण घरांत विशेषतः, जेवणाचे वस्त्र वेगळे असे. ते म्हणजे सोवळे. धूत धोतर सोवळ्याचे करायचे तर ते स्नान झालेल्या माणसाने पिळून, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा उंचीवर वाळत घालावे लागे. त्यासाठी माजघरात आढ्याजवळ दांडी टांगलेली असे आणि कोपऱ्यात एक लांब काठी उभी असे. काठीच्या टोकावर धोतर उचलून दांडीवर पसरायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच काठीने उतरवायचे. मधल्या वेळात एखादे पोर उडी मारून पदराला लोंबकळले, की सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ज्याला परवडे तो रेशमाकडे वळे. रेशीम आणि लोकर यांना सुतासारखा विटाळ होत नाही, अशी समजूत होती. कद, मुकटा, पीतांबर ही रेशमी सोवळी आणि धाबळी ही लोकरीची. एक मुकटा नीट घडी घालून ठेवला तर वर्षानुवर्षे चाले, रोज धुवावा लागत नसे. येवल्याचे रेशीम, पूर्व विदर्भातल्या कोशाचे टसर ही त्यासाठीची नामांकित वस्त्रे.

मला यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. हा मुलूख कापसाचा. शिवारात कापूस, बाजारात कापूस, अंगावर कापूस. आणि जेवायला बसताना मात्र त्याच कापसाचे धोतर फेडून रेशीम नेसायचे.

या नियमाचे मूळ जुने आहे. एकाच वस्त्राने जेवू नये, असे मनुस्मृती सांगते. धोतरावर उपरणे हवे ते म्हणून. आपस्तंब धर्मसूत्र गृहस्थाला नेहमी उत्तरीय घ्यायला सांगते, पण नसेल तर नुसत्या जानव्यावर भागेल अशी सवलतही देते. डोके झाकून आणि पायांत वहाणा घालून केलेले भोजन राक्षसांना पोचते, हेही मनुस्मृतीतच आहे. पागोटे खुंटीवर टांगून मगच पाटावर बसायचे, ही रीत त्याला धरून होती. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात भोजनावर एक मोठे प्रकरणच लिहिले आहे. दिशा कोणती, आसन कोणते, वस्त्र कोणते, शेजारी कोण, हे सगळे शास्त्रकारांनी किती बारकाईने ठरवले होते ते त्यात दिसते. त्यातले ‘शेजारी कोण’ हे खरे कळीचे. सोवळे नेसलेला माणूस ओवळ्या माणसाच्या पंगतीला बसूच शकत नाही. वस्त्र बदलले की पंगत आपोआप वेगळी होते.

बोटीवरच्या पोशाखाची कथा याच्या तुलनेत अगदी अलीकडची. लंडनच्या सॅव्हिल रो रस्त्यावरच्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीने 1865 साली इंग्लंडच्या युवराजासाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, निळ्या रंगाचा आखूड कोट शिवला. तोवर रात्रीच्या जेवणाला लांब शेपटांचा कोट घालावा लागे. सँड्रिंगहॅमच्या घरगुती जेवणावळीत युवराजाला जरा मोकळे बसायचे होते. पुढे न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्कमध्ये हा कोट 1886 च्या सुमारास रुजला आणि अमेरिकेत त्याला त्या गावाचे नाव पडले. आज ज्याला आपण कडक शिस्तीचा पोशाख समजतो, तो जन्मला तेव्हा ढिलाईचा होता.

याच पोशाखातली एक वस्तू इथून गेली. कमरबंद. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या दरबारात कमरेला पटका किंवा शेला बांधणे हा पुरुषी पोशाखाचा भागच होता. हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांना मेसमध्ये जेवताना जाड जाकीट नकोसे होई. एकोणिसाव्या शतकात त्यांनी जाकीट टाकले आणि रेशमी कमरबंद उचलला. हवा खेळती राही आणि सदरा-पाटलोणीचा सांधा झाकला जाई, म्हणजे शिस्तही राही. इंग्लंडला परतताना तो त्यांच्याबरोबर गेला. सुएझ कालवा 1869 साली उघडल्यावर आगबोटी तांबड्या समुद्रातून जाऊ लागल्या. तिथल्या उकाड्यात कोट घालणे अशक्य. मग नुसता पांढरा सदरा, काळी पाटलोण आणि कमरबंद एवढ्यावर जेवायला बसण्याची मुभा मिळाली. तिला आजही ‘रेड सी रिग’ म्हणतात. कमरबंद नीट पाहिला तर आडव्या चुण्यांची रेशमी पट्टी दिसते. चुण्यांची तोंडे वरच्या बाजूला ठेवायची आणि पाठीमागे आकडा लावायचा, एवढेच तंत्र.

त्याच काळात खामगावचा कापूस त्याच समुद्राने जात होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 मध्ये वऱ्हाडी कापसाला सोन्याचे मोल आले. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली आणि 1870 साली जलंब ते खामगाव हा कापसासाठीचा फाटाही सुरू झाला. गाठी मुंबईला, तिथून बोटीने विलायतेला. बोटीच्या पोटात कापूस आणि वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाची जेवणावळ. पहिल्या वर्गाचे भोजनगृह वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. कोट बदलून येणारा कोण आणि न येणारा कोण, हे दारातच कळे. आपल्याकडे विटाळाने जे केले, ते तिथे वर्गाने आणि पैशाने केले.

याच नागपूर मार्गावरच्या शेगावात 23 फेब्रुवारी 1878 रोजी देविदास पातुरकरांकडे पंगती उठल्या होत्या. उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या. तिथे एक तरुण पुरुष त्या पत्रावळींतली शिते वेचून खात बसलेला बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी पाहिला. दासगणूंच्या 1939 सालच्या ‘गजानन विजय’ पोथीतल्या वर्णनाप्रमाणे त्याच्या अंगात एक जुनीपुराणी बंडी होती, बाकी सामान म्हणाल तर पाणी प्यायचा भोपळा आणि चिलीम. दोघांनी आतून वाढलेले पान आणवले. त्याने गोड-तिखट सगळे एकत्र कालवून खाल्ले आणि पाणी प्याला ते जनावरांच्या पाण्यातले. भाविकांसाठी हे गजानन महाराजांचे प्रकटन. मी त्यात पोशाखाचा इतिहासही वाचतो. गावकुसाबाहेरच्या माणसांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या पंगतीनंतरचे उष्टेच येत होते. सोवळ्यातली पंगत घरात जेवून उठली, आणि हा पुरुष त्यांच्या जागी, त्यांच्या अन्नाशी, फाटक्या बंडीत बसला. पुढे हजारोंनी त्यालाच नमस्कार केला.

सोवळे सुटले ते मात्र एका दिवसात नाही. कचेरीची दहाची वेळ, रेल्वेचा प्रवास, परगावची खानावळ, शाळेचे वसतिगृह यांनी ते सोडवले. पूर्वी कारकून साडेनऊला मुकट्यात जेवे आणि कोट-पागोटे चढवून कचेरीला पळे. त्याचा मुलगा शर्ट-पँटमध्येच जेवू लागला. मुकटा लग्नामुंजींपुरता पेटीत राहिला. शेतकऱ्याचे काय? तो कायमच अंगावरच्या धोतर-बंडीत बांधावर बसून जेवत आला. लग्नात पुरुष पाहुण्याला टॉवेल-टोपी देऊन मान करायची आणि मग पंगतीला बसवायचे, ही आपल्याकडची रीत मला म्हणूनच आवडते. तिथे वस्त्र माणसाला पंगतीत घेते.

तेव्हा बोटीवर जाणाऱ्याने फॉर्मल रात्रीला वैतागू नये. भाड्याचे डिनर जॅकेट आणण्याचीही गरज नाही. अनेक कंपन्यांच्या नियमांत त्या रात्री राष्ट्रीय पोशाख चालतो, तिकीट काढताना एकदा विचारून घ्यावे. गावातल्या चांगल्या शिंप्याकडून काळा किंवा गडद निळा बंदगळा शिवून घ्यावा. बोटीनंतर तो घरच्या लग्नांत कामाला येईल. खाली बूट हवेत, चपला नकोत. डिनर जॅकेटच घालायचे असेल, तर आत कमरबंद अवश्य बांधावा, चुण्या वर करून. आणि टेबलावर शेजारी बसलेल्याने विचारलेच, तर तो कुठून आला तेही सांगावे.